कशानं मेला, हे त्यानं विचारलंच नाही

घणसोली गावातल्या आमच्या घरामागे खुराडं आहे. त्यात नऊ वर्षं तांबू राहिला. असील या झुंजीच्या जातीचा कोंबडा. उंच पाय, ताठ मान, डोक्यावर जेमतेम बोराएवढा तुरा आणि अंगावर नव्या कळशीसारखी तांबूस झळाळी. बाबांनी त्याला म्हशाच्या जत्रेतून पिल्लू असताना आणलं होतं. झुंजवायला नाही, झुंजी कायद्यानं बंदच आहेत आणि बाबांना तसली हौस कधी नव्हती. नवी मुंबईसाठी सिडकोत शेती गेलेल्या माणसाला दारात काहीतरी हिंडतंफिरतं लागतं, म्हणून. बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सकाळी ते काठी टेकत देवळापर्यंत जायचे, तेव्हा तांबू त्यांच्या मागून चालत जायचा. आणि परत यायचा तोही त्यांच्याबरोबरच.

मे महिन्यातल्या एका सकाळी तो खुराड्यात पडलेला सापडला. वय झालं होतं, आठवडाभर दाणेही नीट टिपत नव्हता. बाबा काही बोलले नाहीत, नुसते ओट्यावर बसून राहिले. मला ते बघवेना. मी मोबाईल काढला आणि पक्ष्यात पेंढा भरून कोण देतं ते शोधायला लागले. पुढे जे झालं ते सगळं लिहून काढते आहे, कारण ज्यांच्या घरी पोपट, कॉकाटील, कोंबडा असा जीव लावलेला पक्षी आहे, त्यांच्यावर ही सकाळ कधीतरी येणार. आणि त्या सकाळी आपलं डोकं ठिकाणावर नसतं. समोरच्याला ते बरोबर कळतं.

इन्स्टाग्रामवर एक पान सापडलं. पत्ता म्हणून फक्त 'ठाणे, नवी मुंबई'. फोटो मात्र इतके सुंदर की पाहत राहावं. फेझंट नावाचा लांब शेपटीचा, कोंबड्याच्या कुळातला रानपक्षी, पाण्यावर उतरणारं रंगीबेरंगी बदक, निळाहिरवा मोनाल. फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलणारा. "ताई, टेन्शन घेऊ नका, काकांना त्यांचा कोंबडा उभा करून देतो." बारा हजार सांगितले, निम्मे आगाऊ. मी तिथंच सहा हजार यूपीआयनं पाठवले.

आज तो फोन आठवला की एक गोष्ट लख्ख दिसते. तो मेला कशानं, हे त्यानं विचारलं नाही. किती तास झाले, पिसं ओली आहेत का, कुठं जखम आहे का, जिवंतपणीचे फोटो आहेत का, यातलं काहीच विचारलं नाही. त्याला हवे होते पैसे आणि लोकेशन.

मग त्यानं मला 'तयारी' सांगितली. पोट फाडून आतडी काढा, आत जाडं मीठ भरा, वर्तमानपत्रात गुंडाळा, फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, उद्या माणूस पाठवतो. मी कोंबडी साफ केलेली बाई आहे, पण तांबूच्या पोटाला सुरी लावताना हात थरथरत होते. छातीखालची मऊ पिसं रक्तानं चिकटून त्यांच्या वाती झाल्या. मी त्या कोमट पाण्यानं धुवायला गेले, तर रक्त आणखी पसरलं. बाबांना कळू नये म्हणून मोरीचं दार लावून घेतलं होतं. माणूस उद्या आलाच नाही, तिसऱ्या दिवशी आला. मे महिना, त्यात संध्याकाळी दोन तास लाईट गेलेली. पुडकं उचललं तेव्हाच वास येत होता.

यातली प्रत्येक सूचना चुकीची होती, हे मला नंतर ठाण्यात पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं. तेच इथे देते, कारण हे आधी माहीत असतं तर मी पहिल्या फोनवरच सावध झाले असते.

पक्षी उभा करायचा असेल तर पोट फाडायचंच नाही. कारागीर कातडी सोलून घेतो, आतलं धड त्यात नसतंच. आपण मारलेला प्रत्येक काप त्याला मागाहून शिवावा लागतो. आपलं काम दोनच गोष्टींचं: थंड करणं आणि पिसं मोडू न देणं. रक्त असेल तर थंड पाण्यात भिजवलेल्या कापसानं हलकेच टिपायचं, कोमट पाणी नको, त्यानं डाग बसतो. चोचीत, नाकपुड्यांत आणि गुदद्वारात कापसाचा बोळा, म्हणजे आतलं पाणी पिसांवर ओघळत नाही. पंख मिटवायचे, मान वळवून अंगालगत ठेवायची. मग जुना नायलॉनचा पायमोजा घेऊन त्यात पक्षी डोक्याकडून सरकवायचा. पिसांच्या कलानं सरकतो, एकही पीस उलटं होत नाही. वरून प्लास्टिकची पिशवी, हवा दाबून काढून घट्ट बंद, आणि थेट डीप फ्रीझरमध्ये. खालच्या कप्प्यात नाही. तिथं कुजणं मंदावतं, थांबत नाही. वर्तमानपत्र तर अजिबात नाही, ते ओल शोषतं आणि पातळ कातडी, पाय, चोच वाळवून टाकतं. मीठ लावायचं ते जनावरांच्या जाड कातड्याला. पक्ष्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. कारागीर तिची चरबी खरवडून सहसा बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, लावतात.

परदेशात, जिथं परवाना घेऊन बदकं-फेझंट मारायला मुभा आहे, तिथले शिकारीसुद्धा पक्षी असाच सांभाळून कारागिराकडे नेतात. आमच्या माणसाला यातलं काहीच माहीत नव्हतं, किंवा माहीत असून त्यानं मला मुद्दाम उलटं सांगितलं. मला दुसरं खरं वाटतं. कारण पक्षी नेल्यावर चौथ्याच दिवशी त्याचा फोन आला: "ताई, तुम्ही नीट ठेवला नाही, पिसं गळतायत, स्पेशल ट्रीटमेंट लागेल, चार हजार." चूक माझीच आहे म्हटल्यावर मी निमूट पैसे भरले.

त्याच्या मधल्या दोन मागण्याही सांगते. एक, वनखात्याचं परमिट, साडेतीन हजार. "नाहीतर काकांवर केस होईल," असं म्हणाला. मी घाबरले. आपल्याला एवढंच ठाऊक असतं की पेंढा भरलेलं जनावर म्हणजे वनखातं. खरं असं आहे की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानातल्या प्राण्यापक्ष्यांचा प्रश्न येतो. त्यांची शिकार बंद आहे आणि त्यांच्यात पेंढा भरण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. रानपक्षी आपोआप मेलेला सापडला तरी तो सरकारची मालमत्ता असतो. आमच्या खाडीवर रोहित पक्षी येतात, त्यातला एखादा मेलेला दिसला तरी उचलून घरी आणायचा नाही, वनखात्याला कळवायचं. पण घरचा गावठी किंवा असील कोंबडा हा पाळीव पक्षी. मी पुढे ठाण्याला वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारलं, तर तिथले साहेब म्हणाले, "कोंबड्याला कसलं परमिट, ताई?" हा प्रश्न मी पैसे भरण्याआधी विचारायला हवा होता. परदेशी पोपट वगैरे असेल तर कागदपत्रांचं प्रकरण वेगळं आहे, पण तेही स्वतः कार्यालयात जाऊन विचारा. पावती न देणाऱ्या माणसाच्या हातात परमिटचे पैसे देऊ नका.

दुसरी मागणी डोळ्यांची. "जर्मनीचे काचेचे डोळे, बावीसशे." मी विचारलं, रंग कसला? तो म्हणाला, कोंबड्याचा असतो तसा, केशरी. तांबूचे डोळे केशरी नव्हते. चांगल्या असीलचे डोळे मोत्यासारखे पांढुरके असतात, तांबूचेही तसेच होते. मी तसं सांगितलं, तर "बघतो" म्हणाला. डोळ्याचा, चोचीचा, पायांचा रंग मेल्यानंतर लवकर उतरतो. म्हणून जिवंत असतानाचे जवळून काढलेले फोटो कारागिराला द्यायचे असतात, आणि तोच ते मागून घेतो. माझ्याकडे तांबूचे दोनशे फोटो होते. त्यानं एकही मागितला नाही.

काम तीन महिन्यांत देतो म्हणाला होता. पावसाळा गेला, गणपती झाले. त्यानं दुकान कधी दाखवलंच नाही. कधी तुर्भ्याच्या एमआयडीसीत गाळा आहे म्हणायचा, कधी कळव्यात. शेवटी एका रात्री घणसोली स्टेशनबाहेर एक पोरगा खोकं घेऊन आला आणि उरलेले सहा हजार हातात पडल्याशिवाय त्यानं ते सोडलं नाही. एकूण एकवीस हजार सातशे रुपये.

घरी आणून खोकं उघडलं. आधी डांबरगोळ्यांचा भपकारा. मग हिरव्या रंगवलेल्या फळीवर उभा तांबूस कोंबडा. खरं सांगते, पहिल्या नजरेला मला बरं वाटलं. मी बाबांचा हात धरून त्यांना टेबलापाशी आणलं. बाबांना नीट दिसत नाही. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, शेपटीवरून फिरवला, मग बोटं पायांवर नेली. डाव्या पायाचं मागचं बोट त्यांनी दोन-तीनदा चाचपलं. तांबू पिल्लू असताना एका घुशीनं त्या बोटाचं नख तोडलं होतं, ते पुन्हा कधी आलं नाही. इथं नख होतं. लांब, वाकडं, शाबूत.

"ह्यो आपला तांबू नाय," बाबा म्हणाले आणि हात मागे घेतला.

मग मीही नीट पाहिलं. डोळे केशरी, त्यातला एक दुसऱ्यापेक्षा वर. पायांना ऑइलपेंट. पोटाखालची शिवण जाड दोऱ्याची, आणि तिच्याभोवतीची पिसं तेलकट, पिवळी पडलेली. चरबी नीट काढली नाही की ती अशी झिरपत राहते. महिन्याभरात फळीवर भुसा पडायला लागला आणि त्यात तपकिरी, केसाळ अळ्या वळवळायला लागल्या. मी अंगणात नेऊन शिवण उसवली. आत बोळे केलेलं वर्तमानपत्र, चिंध्या, पायात बांबूच्या काड्या. एका बोळ्यावर तारीख वाचता आली. तांबू मेला त्याच्या आदल्या वर्षातली. रद्दी जुनी असू शकते, नुसत्या तारखेवरून मी काही म्हणत नाही. पण नख, डोळे आणि ती तारीख एकत्र धरली की माझ्या मनात शंका उरत नाही: त्याच्याकडे आधीच भरून ठेवलेला कुठलातरी कोंबडा होता, तोच त्यानं आम्हाला विकला. आमचा तांबू बहुतेक पहिल्याच दिवशी कुठल्यातरी कचऱ्यात गेला. पैशांपेक्षा हेच जास्त खुपतं. घरामागे चिंचेखाली पुरला असता तर निदान बाबांना तिथं जाऊन बसता आलं असतं.

त्याला फोन केला तर नंबर बंद. मग माझ्या भाच्यानं गुगल लेन्सवर ते इन्स्टाग्रामचे फोटो टाकले. फेझंट परदेशातल्या एका शिकाऱ्याचा, रंगीबेरंगी बदक म्हणजे अमेरिकेतलं वूड डक. हे आपल्याकडे येणार कुठून? आणि मोनाल तर हिमालयातला, कायद्यानं कडक संरक्षण असलेला. तो खरंच कुणी भरून विकत असेल तर तोच गुन्हा. म्हणजे भामटेपणा पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होता, वाचता आला नाही. कारागिराचं काम पाहायचं तर फोटोवर जाऊ नका, त्याच्या खोलीत जा. अर्धवट काम मागा: सोललेली कातडी, तारा घातलेला, टाचण्या आणि दोऱ्यानं पिसं बांधून वाळत ठेवलेला पक्षी. खऱ्या कारागिराकडे असं काहीतरी नेहमी वाळत असतं, कारण उभा केलेला पक्षी वाळायलाच दोन-तीन आठवडे लागतात. कातडीला काय लावता तेही विचारा. आमचा माणूस अभिमानानं म्हणाला होता, "आर्सेनिक, शंभर वर्षं टिकतं." जुन्या काळी आर्सेनिकचा साबण खरंच लावत. पण ते विष आहे, पोराबाळांच्या घरात नको. आमच्याकडच्या पक्ष्यात तेही नव्हतं, नाहीतर अळ्या झाल्या नसत्या.

डॉक्टर बाईंनी आणखी एक सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. पक्षी अचानक मेला असेल, बरोबरीचे आणखी मेले असतील, तर त्याला पेंढ्यासाठी हात लावायचाच नाही, आधी पशुवैद्यकीय खात्याला कळवायचं. २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात शहापूरला बर्ड फ्लू आला होता. म्हणून जाणकार माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हाच: कशानं मेला? त्याला तो पक्षी स्वतःच्या हातांनी सोलायचा असतो.

खरं काम कसं असतं ते पाहायला मी भाच्याला घेऊन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात गेले. तिथल्या नैसर्गिक इतिहास दालनातल्या पक्ष्यांपुढे मी कितीतरी वेळ उभी होते. डोळे एका रेषेत, पायांवर खरं वजन पेललंय असं वाटतं, शिवण शोधूनही सापडत नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून टॅक्सिडर्मी केंद्र, म्हणजे मेलेले प्राणीपक्षी असे उभे करून देणारं केंद्र आहे, मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातले शरीररचनेचे प्राध्यापक डॉ. संतोष गायकवाड यांनी ते उभं केलं. घणसोलीहून बोरिवली काही लांब नाही. त्या सकाळी पक्षी फ्रीझरमध्ये ठेवून मी एक दिवस थांबले असते, चार ठिकाणी विचारलं असतं, तरी तांबूचं काहीच बिघडलं नसतं. नीट गोठवलेला पक्षी काही महिने राहतो. घाई त्या माणसाला होती.

पोलिसांत तक्रार दिली आहे. १९३० या सायबर हेल्पलाइनवर मी सहा महिन्यांनी फोन केला. पैसे गेल्या गेल्या केला असता तर खातं गोठवण्याची काही आशा होती, असं त्यांनी सांगितलं. तुम्ही फसलात तर लाजेनं थांबू नका, त्याच तासाला फोन करा.

गेल्या आठवड्यात भाच्यानं दाखवलं, पान नव्या नावानं पुन्हा सुरू झालंय. पत्ता आता 'कल्याण, ठाणे' आहे आणि पहिला फोटो तोच मोनालचा. मी वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवलं आहे.