दमणहून परतताना गाडीची डिकी उघडून बघा

दमणमध्ये दारू खुली आणि वेशीबाहेर पाऊल टाकलं की दारूबंदी, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. विरार, पालघर, बोईसरकडची मंडळी वापीला उतरून दिवसभर दमणला जाऊन येतात, त्यामागे बऱ्याचदा तेच कारण असतं. आमचं तसं नव्हतं. मेहुण्याला मोटी दमणचा किल्ला बघायचा होता, पोरांना समुद्र हवा होता. बाटली बरोबर आणायची नाही हे घरूनच ठरलेलं होतं आणि आणलीही नाही. तरी बारा हजारांना गंडा बसला. हे लिहितोय ते मुख्यतः न पिणाऱ्यांसाठी, कारण या सापळ्यात तोच आधी अडकतो.

दमण म्हणजे जेमतेम ७२ चौरस किलोमीटर. एका बाजूला समुद्र, बाकी सगळीकडून गुजरातचा वलसाड जिल्हा. पोर्तुगीजांनी १५५९ मध्ये घेतलं, डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याबरोबर मुक्त झालं, १९८७ पर्यंत गोव्यासोबतच केंद्रशासित होतं. महाराष्ट्रात परतायचं तर मधला गुजरातचा पट्टा ओलांडण्यावाचून गत्यंतर नाही. आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर गुजरातेत दारूची वाहतूक करताना सापडलेल्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. भामट्यांचं सगळं भांडवल म्हणजे हे दोन आकडे.

वापी स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळतात. पण पोरंबाळं बरोबर म्हणून आम्ही दिवसभरासाठी एक इको ठरवली. ड्रायव्हर गोडबोल्या, भाडं वाजवी. नानी दमणच्या किल्ल्याशी त्याने स्वतःहून फोटो काढून दिले, जांपोरला नारळपाणी स्वस्त कुठे ते दाखवलं. आम्ही किनाऱ्यावर असताना गाडी अर्थातच त्याच्या ताब्यात होती. दिवसाच्या भाड्यात असंच असतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

परतताना चेकपोस्टवर हवालदाराने आत डोकावून पोरं बघितली आणि हाताने पुढे जायची खूण केली. पुढे ड्रायव्हरने ‘मेन रोडवर ट्रॅफिक आहे’ म्हणत गाडी आतल्या रस्त्याला घातली. पाचेक मिनिटांत एक मोटरसायकल आडवी आली. दोघे जण, साधे कपडे, एकाच्या पायात खाकी पँट आणि तपकिरी बूट. ‘चेकिंग है, डिक्की खोलो.’

डिकीत आमच्या चार पिशव्या होत्या. ओले टॉवेल, डबे, पोरांची खेळणी. त्या माणसाने एकाही पिशवीला बोट लावलं नाही. सरळ सीएनजीच्या टाकीमागे कोपरापर्यंत हात घातला आणि काळी पिशवी ओढून काढली. आत दोन खंबे आणि क्वार्टरी. ‘किसका है ये?’ ड्रायव्हरने लगेच हात वर केले: ‘साहब, मैं तो गरीब आदमी, पॅसेंजर का होगा.’

मग ठरलेलं नाटक. गाडी जप्त, बायकांनाही ठाण्यावर यावं लागेल, दहा साल की सजा. पोरगी रडायला लागली. ड्रायव्हर मला बाजूला घेऊन म्हणतो, ‘देख लो भाई, कुछ सेटलमेंट होता है तो.’ पन्नास हजारांपासून सुरू झालेली मांडवली बारावर थांबली. मेहुणा कानाशी म्हणाला, ‘भावोजी, देऊन टाका, गाडी चुकेल.’ पाच रोख दिले, सात हजार मोबाइलवर दाखवलेल्या क्यूआरवर. काळी पिशवी ते घेऊन गेले, अर्थात. उद्याच्या गिऱ्हाईकासाठी लागणार ना!

ड्रायव्हरचं लायसन्स किंवा गाडीची कागदपत्रं त्यांनी एकदाही मागितली नाहीत. ज्याच्या गाडीत माल सापडला त्याला सोडून मागे बसलेल्यांनाच दम. खऱ्या कारवाईत पंच लागतात, पंचनामा होतो, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. तेव्हा असं कुणी अडवलं तर फोन बाहेर काढून रेकॉर्डिंग सुरू करा, ओळखपत्र मागा, ११२ लावा आणि ‘चला, ठाण्यावरच जाऊ’ म्हणा. भामट्याला ठाणं नकोच असतं.

त्याहून सोपं म्हणजे शेअर रिक्षाने जा. गाडीच करायची असेल तर निघताना नंबर प्लेटचा आणि रिकाम्या डिकीचा फोटो काढा, ड्रायव्हरच्या देखत. परतताना बसण्याआधी पुन्हा डिकी उघडा, टाकीमागे, सीटखाली, स्टेपनीपाशी हात घाला. त्याला राग आला तर येऊ दे. आतल्या रस्त्याला गाडी घालू देऊ नका.

आणि ‘दारू वापीत आणून देतो’ म्हणून पैसे आगाऊ मागणारेही भेटतील, आम्हाला दोनदा विचारलं गेलं. तो माल आला नाही तर पैसे बुडाले, आला तर तुम्ही गुजरातेत बाटलीसकट उभे. तक्रार तरी कशाची करणार? शिवाय महाराष्ट्रात आणली की सगळं सुटलं असंही नाही. परराज्यातली दारू परवान्याशिवाय इकडे आणणं हाही गुन्हाच आहे. दोन्ही राज्यांचा कायदा जुन्या मुंबई राज्याच्या १९४९ च्या एकाच कायद्यातून आलेला आहे.

घरी पोचल्यावर १९३० वर फोन केला. ऑनलाइन पैसे गेले असतील तर हा नंबर जितक्या लवकर लावाल तितकं बरं, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता येतात. क्यूआर एका मोबाइल रिचार्जवाल्याच्या नावावर निघाला. सातपैकी साडेतीन हजार त्या खात्यात अडकलेत, बाकीचे पुढे गेले होते. रोख पाच हजारांच्या नावाने आंघोळ केली आहे.