खरखर घालवायची तर यूएसबी माइक घ्यावा की साधं यूएसबी साउंड कार्ड?

"भो, तुझ्याकडे पाऊस पडतोय का?" व्हॅलोरंट खेळताना मित्राने विचारलं. भुसावळात, मे महिन्यात! तो पाऊस म्हणजे माझ्या हेडसेटच्या माइकची खरखर होती. गेम लोड झाला की वाढायची, मेन्यूत परत आलं की कमी व्हायची. त्यावरूनच खरं तर कळायला हवं होतं. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकची वायर ग्राफिक कार्डाच्या पोटाखालून मदरबोर्डाच्या कोपऱ्यापर्यंत जाते, आणि वाटेत जे मिळेल ते उचलते.

फुकटचे उपाय आधी करून घ्या. हेडसेट मागच्या जॅकला लावा. विंडोजमधला माइक बूस्ट +३० डेसिबलवर असेल तर +१० वर आणा. तोच हेडसेट मोबाइलला लावून रेकॉर्ड करा. तिथे आवाज स्वच्छ आला तर माइक बिचारा निर्दोष आहे. आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर पैसे माइकवर नाही, वायरमनवर खर्च करा. आमच्या जुन्या घरात सॉकेटचं तिसरं, अर्थिंगचं भोक निव्वळ शोभेचं होतं. ते जोडून घेतल्यावर माइकमधली 'घूं' अशी गुणगुण गेली, तरी उन्हाळ्यात ती परत आली. काळी माती भेगाळली की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. वायरमनच्या सांगण्यावरून खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि घूं निम्म्याने उतरली. दीपनगरचं वीजकेंद्र इतकं जवळ असताना आमची वीज अशी पाण्यावर चालते!

घूं उतरली तरी खरखर उरलीच. मग दोन वाटा होत्या. एक, मावसभावाचा यूएसबी कंडेन्सर माइक, जो त्याने पंधरा दिवस वापरायला दिला. दुसरी, आहे त्याच हेडसेटला साडेचारशे रुपयांचं, बोटाएवढं यूएसबी साउंड कार्ड.

खरखरीपुरतं बोलायचं तर माझ्या कानांना दोन्ही सारखेच वाटले. दोघांतही आवाजाचं डिजिटल आकड्यांत रूपांतर कॅबिनेटच्या बाहेरच होतं, त्यामुळे ग्राफिक कार्डाची कुरकुर वाटेत मिसळत नाही. आवाजाच्या गोडव्यात मात्र मावसभावाचा माइक सरळ पुढे होता, हे कबूल करतो. त्यातून मी आकाशवाणीवर असल्यासारखा वाटायचो, आणि साउंड कार्डातून पत्र्याच्या डब्यात बसल्यासारखा.

तरीही माइक परत गेला, तो कूलरमुळे.

इथे मेमध्ये पारा पंचेचाळिसाच्या आसपास घुटमळतो, त्यामुळे कूलर बंद करून गेम खेळणं म्हणजे स्वतःवर सूड उगवणं. टेबलावरचा माइक तोंडापासून हात-दीड हात लांब राहतो, म्हणून गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याची पातळी, चढवावा लागतो, आणि गेन चढला की कूलरही चढतो. मित्रांना आधी पाऊस ऐकू यायचा, आता धबधबा! अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, असं गणित आहे. आमच्या घरात ते गणित बिबड्या लाटणाऱ्या बायकांच्या गप्पांसकट ऐकू यायचं. मालगाडीचा भोंगा तर मित्र माझ्या आधी ओळखायला लागले. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपचं नॉइज सप्रेशन (गोंगाट गाळणारी सोय) लावलं, तर कूलर गेला, पण माझ्या शब्दांची शेपटंही गेली. "डावीकडे" म्हटलं की पलीकडे "डावी…" एवढंच पोचायचं, आणि आम्ही मरायचो. स्टँड घेऊन माइक तोंडाजवळ आणता आला असता, पण मग अर्धा स्क्रीन माइकच्या मागे.

हेडसेटची दांडी ओठांपासून दोन बोटांवर असते. गेन कमी ठेवला तरी आवाज पोचतो आणि कूलर मागे राहतो. एवढ्या एका गोष्टीवर माझा निकाल लागला. तुमच्या खोलीत एसी असेल, दार लागत असेल आणि व्हिडिओसाठी आवाज रेकॉर्ड करायचा असेल, तर यूएसबी माइकच घ्या. मी हट्ट धरणार नाही. पण नुसतं मित्रांशी बोलायचं असेल आणि हेडसेट धड असेल, तर आधी साडेचारशे घालवून बघा, साडेतीन हजारांचा माइक कुठे पळून जात नाही.

कार्ड घेताना भोकं तेवढी बघा. काहींवर माइक आणि हेडफोनची दोन वेगळी असतात, काहींवर माइक-हेडफोन एकत्र असलेल्या चार पट्ट्यांच्या पिनसाठी एकच. पहिल्यांदा मी चुकीचं आणलं आणि वर स्प्लिटर घ्यावा लागला. अगदी स्वस्तातली कार्डं स्वतःच सूं करतात असं ऐकलंय, माझं तरी करत नाही. मी ते यूएसबी हबमध्ये न लावता मागच्या पोर्टला छोट्या एक्स्टेंशन केबलने लावलंय, म्हणजे ग्राफिक कार्डापासून लांब लोंबकळतं.

मावसभावाचा माइक जूनमध्ये, कूलर आवरून ठेवल्यावर, पुन्हा आठवडाभर मागून घ्यावा म्हणतोय.