छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातलं जुन्या पुस्तकांचं दुकान : चार तारे

दर्शनी भागात एमपीएससी, पोलीस भरती, अर्ध्या किमतीत. ते कुठंही मिळतं. इथं जायचं ते आतल्या मांडणीसाठी.

मालक काका पुस्तकं विषयवार लावत नाहीत, नात्यागोत्यानं लावतात. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या इंग्रजी पुस्तकाला खेटून कथासरित्सागराचा, म्हणजे सोमदेवाच्या संस्कृत कथासंग्रहाचा, सुटा खंड दिसला. का, असं विचारलं तर स्टूल सरकवून म्हणाले, "बसा, चोराची गोष्ट आहे."

हेरोडोटसनं इजिप्तची म्हणून सांगितलेली ती गोष्ट अशी: राम्प्सिनिटस राजाच्या खजिन्यात गवंड्यानं एक दगड निघेल असा बसवला. त्याची दोन पोरं चोरी करतात. एक सापळ्यात अडकतो, ओळख पटू नये म्हणून दुसरा त्याचंच मुंडकं कापून नेतो आणि पुढं पहारेकऱ्यांना दारू पाजून धडही पळवतो. सोमदेवाच्या ११व्या शतकातल्या घट आणि कर्पर या दोन चोरांच्या कथेत राजानं मारलेल्या कर्पराच्या प्रेतावर पहारा आहे. तिथं दारूऐवजी धोत्रा घातलेलं खाणं आणि घट प्रेत तिथंच जाळतो. दोन्ही पानं उघडी ठेवून वाचताना मजा येते.

काकांचं म्हणणं, ग्रीकांचं निम्मं वाङ्मय इजिप्तची उचल. पुरावा म्हणून जाफा शहर जिंकल्याची इजिप्तची गोष्ट. इजिप्तचा राजा तिसरा थुतमोस याचा सेनापती जेहुती टोपल्यांत २०० शिपाई दडवून शहरात घुसवतो. ग्रीक कवी होमरच्या कित्येक शतकं आधीचा, ही गोष्ट लिहिलेला पपायरस (जुना इजिप्शियन कागद) आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पोटात शिपाई दडवलेला ट्रॉयचा घोडा आठवतोच की! इथवर मी मान डोलावली. पण डाव सारखा म्हणजे चोरलेलाच, हे काही पटेना.

त्यात मी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचा. इजिप्तमधल्या ग्रीक व्यापाऱ्यानं पहिल्या शतकात लिहिलेल्या पेरिप्लस या सागरी व्यापाराच्या माहितीपुस्तकात पैठणसोबत आमचं तगर, म्हणजे जुनं तेरही आहे, आणि कथासरित्सागराच्या मुळाशी असलेल्या गोष्टी लिहिणारा गुणाढ्य परंपरेनं पैठणच्या सातवाहनांच्या पदरचा. तेरच्या संग्रहालयातल्या हस्तिदंती बाईची बहीण शोभेल अशी मूर्ती इटलीतल्या पाँपेईत सापडली. माल इकडून तिकडं जात होता, मग गोष्टी तेवढ्या एकाच दिशेनं कशा येतील? काका म्हणाले, "पुस्तक घ्या, मग भांडा." घेतलं, दीडशेत.

एक तारा कापला तो बांधणीसाठी. घरी आल्यावर मधली पानं हातात आली. पैसे द्यायच्या आधी पुस्तक चाळून घ्या, माल परत घेत नाहीत. आणि दुपारी शटर अर्धं खाली असेल तर वाकून आत शिरू नका, काका जेवत असतात, लई ओरडतात.