ग्रीसचे डोंगर, स्वतःच्या हाती स्टिअरिंग: झागोरी पॅकेज कसं आहे?

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका ट्रॅव्हल ऑफिसचं हे आठ दिवसांचं पॅकेज सांतोरिनीच्या गर्दीत न जाता थेट पिंडसच्या डोंगरात नेतं. थेस्सलोनिकीत गाडी मिळते, मग मेत्सोवो, योआनिना आणि झागोरीची दगडी गावं. या प्रदेशाला २०२३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं, तरी आपल्याकडचं क्वचितच कुणी तिकडे वळतं. मार्ग निवडणाऱ्याला पूर्ण गुण. वेळेचा हिशेब मात्र पार चुकलाय.

योआनिनापर्यंत एग्नातिया महामार्ग आहे, बोगद्यांमागून बोगदे, तीन तासांत पोचता. दुसऱ्या दिवशी मात्र किपीचे पूल, मोनोदेंद्री, ओक्सियाचं दरीदर्शन आणि पापिंगो, सगळं एकाच दिवसात कोंबलंय. मोनोदेंद्री आणि पापिंगोच्या मध्ये विकोसची दरी आहे, त्यामुळे खाली उतरून मोठा वळसा पडतो. पापिंगोचा शेवटचा चढ म्हणजे एकापाठोपाठ एक यू-टर्न, सेकंड गिअरच लागतो. इथे दोन दिवस हवेतच. किपीजवळच्या १८१४ च्या तीन कमानींच्या पुलावरची वाट अळीच्या पाठीसारखी वर-खाली होत जाते. तिथे दहा मिनिटांचा थांबा देणं हा अन्याय आहे.

गाडी डाव्या स्टिअरिंगची. चिखलदऱ्याचा घाट सराईतपणे चढणाऱ्याचाही इथे एक अंदाज हमखास चुकतो. आपल्याला उजवीकडे बसायची सवय, म्हणून गाडी नकळत उजव्या कडेला सरकते आणि टायर व रिम दगडी कठड्याला घासतात. साध्या विम्यात टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग बहुधा नसतोच. पॅकेजमध्ये हाच साधा विमा आहे. वरचं कव्हर मागून घ्या, आणि ऑटोमॅटिक गाडी बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या. टाकी योआनिनात फुल करा, वर पंप विरळ आहेत.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट त्यांच्या यादीत अगदी तळाशी आहे. ते सगळ्यात आधी काढा. नंबरप्लेट एमएच ३१ असो की ४९, परमिट आरटीओतूनच मिळतं आणि एक वर्ष चालतं. ते नसेल तर काउंटरवर चावी मिळत नाही.

जेवणाची व्यवस्था चांगली. शाकाहारी मंडळींसाठी पालेभाजीची होर्तोपिटा आणि टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे सांगितलेत, दोन्ही पोटभरीचे. अलेव्रोपिटा धिरड्यासारखी पातळ दिसते, पण तिच्यात अंडं असतं, हे यादीत लिहायला हवं होतं.

तारखा शाळेच्या सुट्ट्या बघून मे महिन्याच्या ठेवल्यात. गावं आणि पुलांसाठी मे छानच. पण पॅकेजच्या जाहिरातीत जे द्राकोलिम्नी तळं छापलंय, ते २,०५० मीटरवर आहे आणि मे महिन्यात त्या वाटेवर बर्फ असतो. तळ्यासाठीच जायचं असेल तर जूनअखेर किंवा सप्टेंबरची तारीख मागा.