'वजन परत येणार नाही, लिहून देतो'

वजन कमी करून देणाऱ्यांनी मला फसवलं असं म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, 'का, कमी झालं नाही?' झालं ना. चार वेळा झालं. अकरा, बारा, बारा आणि अकरा असं मिळून शेचाळीस किलो उतरवलं मी. पहिल्यांदा डाएट सुरू केलं तेव्हा त्र्याण्णव होतो, चौथ्यानंतर शहाण्णव. म्हणजे शेचाळीस किलो घटवून तीन किलो वाढलो. फसवणूक वजन घटवण्यात नव्हतीच. शेवटच्या दोन खेपांना वजन घटवण्याच्या एका सेंटरमध्ये मी ज्या वाक्यासाठी पैसे मोजले, ती त्या वाक्यात होती: 'सर, आमच्याकडे घटलेलं वजन परत येत नाही. लिहून देतो.'

पहिली दोन डाएट माझी मीच केली होती, ऐकीव माहितीवर. तोवर माझ्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली चार जादा भोकं झाली होती आणि बाहेरच्या बाजूची दोन मूळची भोकं ताणून लांबट झाली होती. अशा माणसाला 'कमी होईल' म्हणून भुलवता येत नाही. कमी होतं हे त्याला माहीत असतं. त्याला भुलवायचं तर 'टिकेल' म्हणावं लागतं, आणि त्या सेंटरवाल्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

नाव नोंदवायला त्यांनी संध्याकाळी बोलावलं. फोनवर सांगितलं, 'जेवण चुकवू नका, भरपूर पाणी पिऊन या, मशीनला रीडिंग नीट मिळतं.' मी आज्ञाधारकपणे दोन बाटल्या पाणी पिऊन गेलो. बुटांसकट, खिशात पाकीट, किल्ल्या आणि मोबाइल असताना माझं वजन घेतलं. आठवड्यानंतरची वेळ मात्र सकाळी सातची, उपाशीपोटी, सैल कपड्यांत, अनवाणी. काटा चार किलोने खाली! तिथल्या मुलीने टेबलावरची घंटी वाजवली, बसलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. त्या घंटीच्या नादात मी पूर्ण वर्षाचं पॅकेज भरलं.

पुढे कधीतरी घरी करून पाहिलं. रात्री जेवून, पाणी पिऊन, बूट घालून काट्यावर उभा राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पद्धतीने. फरक दोन किलोंच्या वर. झोपून दोन किलो! त्या चार किलोंतलं उरलेलंही बहुतेक पाणीच. शरीर ग्लायकोजेनच्या रूपात चार-पाचशे ग्रॅम साखर साठवून ठेवतं आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून असतो. खाणं एकदम तोडलं की हा साठा पहिल्यांदा संपतो, त्याच्याबरोबर पाणी जातं. चरबीचा हिशेब वेगळा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज हजार कॅलरी कमी खाल्ल्या तरी आठवड्यात एक किलो पुरता होत नाही. हे गणित पाचवीतल्या पोराला येईल. मी पदवीधर असून केलं नाही.

दुसऱ्या महिन्यापासून पुड्या सुरू झाल्या. 'मेंटेनन्स पावडर', संपूर्ण वनस्पतीजन्य. पाकिटावर घटकांचं प्रमाण नाही, परवाना क्रमांक नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. भूक मात्र जादू केल्यासारखी गेली. सोबत झोप गेली, तोंडाला कोरड पडली, जिना न चढताही नाडी शंभरच्या आसपास धडधडायला लागली. सेंटरमध्ये सांगितलं तर म्हणाले, 'टॉक्सिन बाहेर पडतायत सर, चांगली खूण आहे.' पुड्या मी ऑफिसच्या खणात ठेवायचो, कारण बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, 'यात काय आहे?' आणि मला उत्तर देता आलं नव्हतं.

शेवटी आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहून मला खुर्चीत बसवूनच ठेवलं. त्यांनी सिब्युट्रामिनबद्दल सांगितलं. भूक मारणारं औषध, पण हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसल्यावर २०१० साली अमेरिका आणि युरोपच्या बाजारातून काढून घेतलेलं. त्यानंतरही 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या पावडरींत आणि कॅप्सुलांत ते चोरून मिसळलेलं तपासण्यांमध्ये पुन्हा पुन्हा सापडलं आहे. कधी जुलाबाचं औषधही सापडतं. माझी पुडी प्रयोगशाळेत गेली नाही, तेव्हा तिच्यात तेच होतं असा आरोप मी करणार नाही. ती बंद केल्यावर चार दिवसांत शांत झोप लागली आणि आठवड्यात नाडी ताळ्यावर आली, एवढंच सांगतो. तुमच्याकडे अशी पुडी असेल तर ती फेकू नका, पाकिटासकट डॉक्टरांना नेऊन दाखवा.

पुड्या सुटल्या आणि भूक व्याजासकट परत आली. बारा किलो गेलेला मी दहा महिन्यांत तेरा किलो परत घेऊन सेंटरमध्ये उभा. हातात तो लिहून दिलेला कागद. तो मी तोवर नीट वाचलाच नव्हता. त्यात बारीक अक्षरांत अकरा अटी होत्या. बावन्न आठवडे दर आठवड्याला वजनाला यायचं, एकही आठवडा चुकला तर हमी रद्द. पावडर दर महिन्याला त्यांच्याकडूनच घ्यायची, खंड पडला तर हमी रद्द. दोन किलो वाढल्यापासून सात दिवसांत लेखी कळवायचं. आणि हे सगळं पाळूनही वजन वाढलं तर पैसे परत नाहीतच, पुढच्या पॅकेजमध्ये सूट. म्हणजे हमीची भरपाई म्हणून तेच पुन्हा विकत घ्यायचं!

पण मला गप्प बसवलं ते अटींनी नाही. काउन्सेलर बाईंनी माझा तक्ता उघडला, चष्म्यावरून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, 'सर, तुम्ही चीटिंग केलंत ना?' त्यांच्या भाषेत ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त खाणं म्हणजे चीटिंग. मी मान खाली घातली. ज्यांनी मला पाणी पाजून काट्यावर उभं केलं त्यांच्यापुढे मी चीटर ठरलो आणि ते मला पटलंही! त्याच दिवशी दुसऱ्या पॅकेजवर सही केली. तक्रार करायची तर आधी 'माझं वजन परत वाढलं' हे चारचौघांत कबूल करावं लागतं. हे कबूल करायला माणूस लाजतो, आणि यांचा सगळा धंदा त्या लाजेवर उभा आहे.

वजन परत येण्यात माझी जीभ किती आणि शरीर किती, हे खूप उशिरा वाचलं. अमेरिकेत वजन घटवण्याची एक टीव्ही स्पर्धा होती. तिच्यातल्या चौदा जणांना सहा वर्षांनी तपासलं, तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदापैकी तेरा जणांचं वजन परत वाढलं होतं, चौघे तर मूळ वजनाच्याही पुढे गेले होते. आणि स्वस्थ बसल्यावर त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सरासरी पाचशे कॅलरी कमी जाळत होतं, तेही सहा वर्षांनंतर. २०११ मधल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांचं कडक डाएट केलेल्यांच्या रक्तात भूक वाढवणारं संप्रेरक वर्षभरानंतरही चढंच दिसलं. अशा शरीराच्या वतीने तिसरा माणूस बॉण्डवर काय लिहून देणार?

टिकतच नाही असं मात्र नाही. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही आहे, किमान साडेतेरा किलो घटवून वर्षभर टिकवलेल्यांची, त्यात दहा हजारांवर माणसं आहेत. त्यांची सांगणी कंटाळवाणी आहेत: रोज सरासरी तासभर चालणं किंवा तसाच व्यायाम, बहुतेक जण आठवड्यातून एकदा तरी काट्यावर. मी सध्या तेच करतो. शहाण्णववरून सावकाश अठ्ठ्याऐंशीला आलो, दोन वर्षं एखाद किलो इकडेतिकडे तिथेच आहे. घंटी कोणी वाजवत नाही. मधल्या काळात सेंटरकडे पैसे मागितले, तर त्यांनी अट क्रमांक चारवर बोट ठेवलं. पॅकेजच्या जाहिरातीचा कागद मी जपून ठेवला नव्हता. तुम्ही भरलेल्या पैशांची प्रत्येक पावती आणि तोंडी आश्वासनाचा प्रत्येक मेसेज जपून ठेवा, आणि वर्षाचे पैसे एकरकमी देऊ नका. कोणी 'आजच भरलं तर' म्हणालं, तर त्या दिवशी तर नाहीच नाही.

एक राहिलं. पहिलं पॅकेज संपल्यावर दहाव्या महिन्यात सेंटरमधून फोन आला होता, तब्येत कशी आहे विचारायला. मला तेव्हा आपुलकी वाटली. दुसरं संपल्यावरही बरोबर दहाव्या महिन्यात फोन आला. आवाज नवा, कोवळा. 'सर, थोडं वाढलं असेल ना आता?'

मी विचारलं, 'तुला कसं कळलं?'

ती बिचारी खरं बोलली. 'सिस्टिममध्ये तारीख येते सर.'