सोलर की गिझर? आधी पाइप मोजा

दिवाळी झाली की हा विषय निघतोच. यंदा नांदेडच्या साडूंनी काढला. त्यांच्या नव्या घराचं प्लंबिंग चालू आहे, भिंतीला खाचा पाडून झाल्यात आणि गिलावा व्हायच्या आत ठरवायचंय: अंघोळीच्या पाण्यासाठी गच्चीवर सोलर बसवायचा की न्हाणीघरात गिझर. मी लातुरात दोन्ही वापरलेत. जुन्या घरी नऊ वर्षं सोलर होता, नव्या घरी पाच हिवाळे गिझरवर काढले.

आपल्याकडे थंडीनं पाइप गोठून फुटत नाहीत. परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत, तरी नळाला पाणी येतंच. पहाटे सहाला बादलीत कढत पाणी पडतंय का, एवढीच आपली हिवाळ्याची तयारी.

सोलरचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. ऊन आपल्याकडे फुकट आणि रग्गड. दोनशे लिटरची टाकी असली की पाहुण्यांनी घर भरलं तरी चिंता नाही. तेलकट भांड्यांना दुपारी कढत पाणी मिळायचं, त्यावर आई फार खूश असायची. सलग दोन-तीन दिवस ढग आले तर मात्र कोमटावर भागवावं लागतं.

माझं बिनसलं ते पाइपावरून. आमचं न्हाणीघर तळमजल्यावर, परसाकडच्या कोपऱ्यात, आणि सोलर गच्चीच्या दुसऱ्या टोकाला. प्लंबरनं धार जोरात यावी म्हणून एक इंची पाइप टाकला, पन्नासेक फूट. तेव्हा बरंच वाटलं. नंतर एकदा हिशेब केला तर त्या पाइपात सात लिटरच्या वर पाणी बसतं. रात्रभर ते गार पडतं. सकाळी नळ सोडायचा, धारेखाली हात धरून उभं राहायचं आणि अर्धी बादली भरत आली की कुठं बोटांना ऊब लागायची. पहिल्याची अंघोळ झाली, दुसरा तासाभरानं उठला, की पुन्हा तेच.

कुणी म्हणेल, ते गार पाणी इसणाला वापरा. उन्हाळ्यात ठीक आहे, पण डिसेंबरच्या पहाटे सोलरचं पाणी एवढं कढत नसतंच की त्यात अर्धी बादली इसण घालावं. म्हणून आई ते बाजूला काढून ठेवायची. आठ वाजेपर्यंत मोरीशेजारी भांडी, घागर, जुना डबा अशी रांग लागायची. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते दिवस पाहिलेल्या बाईला नळाखालून गार पाणी वाया गेलेलं बघवत नाही. मलाही नाही.

पाइपाला काळा फोम गुंडाळून पाहिला. थोडा फरक पडला. पण उघड्यावरच्या भागालाच तो लावता आला, भिंतीतला पाइप तसाच राहिला.

दुसरी गोष्ट बोअरच्या पाण्याची, आणि ती दोघांनाही छळते. सोलरच्या नळ्यांत तळाशी पांढरा गाळ साचतो. सफाईसाठी नळ्या काढताना आमच्या दोन फुटल्या. गिझरच्या एलिमेंटवर चुन्यासारखी खपली धरते, मग पाणी तापायला वेळ लागतो नि बिल वाढतं. मी पावसाळा संपला की एलिमेंट काढून साफ करून घेतो, त्याच वेळी टाकी गंजू नये म्हणून आत असलेला मॅग्नेशियमचा रॉडही झिजलाय का बघतो. एवढं केलं की निभतं. गच्चीवर चढण्यापेक्षा हे मला सोपं वाटतं, पण हा ज्याच्या-त्याच्या गुडघ्यांचाही प्रश्न आहे.

खर्चाचं म्हणाल तर पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा गिझर आहे. एकदा टाकी तापायला वीस-पंचवीस मिनिटं नि पाऊण युनिट. तेवढ्यात दोघांच्या अंघोळी होतात, म्हणजे आम्हा चौघांना रोज दीड युनिट. सोलरला हे शून्य, कबूल आहे. आणि लाइट गेली की गिझर म्हणजे भिंतीवरचा शोभेचा डबा. पण नळ गिझरपासून तीन फुटांवर आहे. सोडला की चार तांब्यांच्या आत कढत.

घरात माणसं जास्त असतील, किंवा न्हाणीघर सोलरच्या बरोबर खाली येत असेल, तर मी सोलरच म्हणेन. पाइप मात्र पाऊण इंचीच्या वर नको, नि गरम पाण्याच्या लाइनला साधा पीव्हीसी नको, सीपीव्हीसी टाका. भिंतीतला भागही फोम चढवूनच पुरा.

साडूंना एवढंच म्हणालो, "आधी टेप लावा, मग बोलू." रात्री त्यांचा फोन आला. वळणं धरून बासष्ट फूट भरतंय म्हणाले आणि पुढे विचारलं, "तुमचा गिझर पंधरा लिटरचाच आहे ना?"