वुड स्पायडर की सिग्नेचर स्पायडर? आधी जाळं बघा

पावसाळा सरत आला की सह्याद्रीतल्या कुठल्याही पायवाटेवर, मग ती आंबोलीची असो, फणसाडची असो की बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली, गोल जाळ्यात डोकं खाली करून बसलेला कोळी दिसतोच. फोटो काढून कुणाला दाखवला की बहुतेक वेळा दोनपैकी एक नाव ऐकू येतं: 'जायंट वुड स्पायडर' नाहीतर 'सिग्नेचर स्पायडर'. दोघांच्याही अंगावर पिवळं-काळं असतं, त्यामुळे रंगावरून ठरवायला जाणारा हमखास घोळ घालतो. माझा क्रम ठरलेला आहे: आधी जाळं, मग बसण्याची ढब, आणि रंग अगदी शेवटी.

वुड स्पायडर म्हणजे नेफिला पिलिपेस. पूर्ण वाढलेल्या मादीचं नुसतं धड ३ ते ५ सेंटिमीटर भरतं, पाय पसरले की तळहात झाकला जाईल एवढी होते. आपल्याकडे सर्रास दिसणारी सिग्नेचर स्पायडर म्हणजे आर्जिओपी अनसूया. तिचं धड जेमतेम सेंटिमीटरभर. समोरासमोर ठेवले तर प्रश्नच उरत नाही. पण फोटोत आकार कळत नाही, आणि वुड स्पायडरची पिल्लं लहान असतातच. म्हणून जाळ्याकडे वळायचं.

वुड स्पायडरचं जाळं मीटरभर किंवा त्याहूनही मोठं असतं. कोळी बसतो ते केंद्र मधोमध नसून वरच्या कडेजवळ सरकलेलं असतं, म्हणजे जाळ्याचा बराचसा पसारा त्याच्या खाली. ऊन तिरपं पडलं की धागे सोनेरी चमकतात. हा रंग उन्हाचा नाही, रेशमाचाच आहे. आता धागे जवळून बघा. गोल जाळं विणणारे कोळी आधी एक बिनचिकट तात्पुरता फेर टाकतात, त्याच्या आधाराने चिकट फेर घालतात आणि घालता घालता तो तात्पुरता धागा काढून टाकतात. नेफिला तो काढत नाही. त्यामुळे तिच्या जाळ्यातल्या चिकट रेघा चाररेघी वहीतल्यासारख्या गटागटाने दिसतात. फोटो जरा मोठा करून ही खूण सापडली की माझ्या लेखी निकाल लागला. केवळ केंद्राच्या जागेवर मात्र विसंबू नका, कारण पिल्लांची जाळी बरीच गोल आणि समतोल असतात.

सिग्नेचर स्पायडरचं जाळं पांढरं, लहान आणि बहुधा झुडपांत, गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीवर. त्यात जाड पांढऱ्या रेशमाची नागमोडी नक्षी असते, हीच ती 'सही'. कोळी आपले पाय दोन-दोन जोडून चार दिशांना ताणतो आणि नक्षीच्या फुलीवर स्वतःची फुली मारून बसतो. पण फुलीच्या चारही रेघा दरवेळी असतील असं नाही. एखादीच असते, कधी एकही नसते, आणि पिल्लं फुलीऐवजी गोल चकती विणतात. नक्षी नाही म्हणून सिग्नेचर नाही, असं म्हणू नये. पाय जोडून बसण्याची ढब जास्त भरवशाची. ही नक्षी कशासाठी यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी म्हणतं किडे आकर्षित करायला, कुणी म्हणतं पक्ष्यांनी जाळ्यात घुसू नये म्हणून.

दोघांच्या सवयींतही फरक आहे, आणि तो बघायला थोडा वेळ द्यावा लागतो. सिग्नेचर स्पायडर जवळपास रोज नवं जाळं विणते, म्हणून ते स्वच्छ दिसतं. वुड स्पायडर तेच जाळं अनेक दिवस वापरते, एका वेळी एखादाच भाग नवा करते. त्यामुळे अर्धं नवंकोरं आणि अर्धं फाटकं, कचरा लटकलेलं जाळं दिसलं तर कोळी आळशी आहे असं समजू नका. शिकार अडकली की सिग्नेचर स्पायडर सहसा आधी तिला रेशमात भराभर गुंडाळते आणि मग चावते. वुड स्पायडर आधी चावते, गुंडाळणं नंतर. एखादा नाकतोडा जाळ्यात पडताना बघायला मिळाला तर हा क्रम नजरेतून सोडू नका. आणि जाळ्याला हलकासा धक्का लागला तर सिग्नेचर स्पायडर जाळं असं जोरात हलवते की तिची आकृतीच धूसर होते, नाहीतर सरळ खाली पडून पानांत दडते.

वुड स्पायडरच्या जाळ्यात दोन-तीन तांबूस, बारीक कोळी बसलेले दिसले की 'ही तिची पिल्लं' असं सांगणारं कुणीतरी सोबत असतंच. ते नर असतात, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचे. मीलनाच्या वेळी नर मादीच्या पाठीवर रेशीम पसरतो, त्याने ती शांत राहते आणि त्याचा जीव वाचण्याची शक्यता वाढते. त्याच जाळ्यात चंदेरी थेंबासारखे आणखी बारके कोळी दिसले तर ते आर्जिरोडीस, दुसऱ्याच्या जाळ्यातलं फुकटचं खाणारे. अंडी घालायला नेफिला पिलिपेसची मादी जाळं सोडून जमिनीवर उतरते, उथळ खळगा करते आणि अंड्यांवर माती-पाचोळा सारते. आर्जिओपीची अंड्यांची पिशवी जाळ्याच्या आसपासच टांगलेली सापडते.

रंग शेवटी, पण उपयोगी आहेच. नेफिला पिलिपेसचं पोट लांबट, नळकांड्यासारखं, काळ्यावर उभे पिवळे पट्टे. पाय काळे, सांध्यांशी पिवळे ठिपके. आर्जिओपी अनसूयाच्या पोटावर आडवे तपकिरी-पिवळे पट्टे आणि पुढच्या भागावर चंदेरी लव. जाळं वुड स्पायडरचं पण पाय लालसर आणि पिवळे ठिपके नाहीत, तर नेफिला कुहली असू शकते, तीही पश्चिम घाटात आढळते. आर्जिओपीच्या इतर जातींबाबत मी फोटोवरून फार छातीठोक बोलत नाही. तिथे मादीचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र हे सगळं जसंच्या तसं लावू नये. तिथे घराच्या कुंपणावर दिसणारी मोठी पिवळी कोळीण बहुधा जोरो, म्हणजे ट्रायकोनेफिला क्लावाटा. मूळची पूर्व आशियातली, हिमालयातही असलेली, जॉर्जियात २०१४ च्या सुमारास नोंदली गेलेली. तिचंही रेशीम सोनेरीच असतं, पण पोटावर निळसर-करडे पट्टे आणि खालच्या बाजूला लाल डाग असतो.

फोटो काढताना कोळ्याच्या पाठीचा एक, पोटाचा एक आणि वरच्या आधारांसकट पूर्ण जाळ्याचा एक, असे तीन काढा. धागे उठून दिसावेत म्हणून टाल्कम पावडर मारू नका, चिकट धागे कामातून जातात. दोन्ही कोळ्यांचं विष माणसाला घातक नाही, त्यामुळे जाळं वाटेत आडवं आलं तर खाली वाकून निघून गेलं तरी चालतं. आणि जाळं संध्याकाळीच दिसलं, सकाळी गायब असेल, तर यादीतून ही दोन्ही नावं खोडा. तो बहुधा निओस्कोना असतो, दिवसभर पानाआड दडून बसणारा.